सुरक्षित होडी कोण निवडतं? स्कॉटलंडचे मच्छीमार आणि १८४८ चं वादळ

आज आपण एका साध्या दिसणाऱ्या प्रश्नाचा इतिहास पाहणार आहोत. खवळलेल्या, उघड्या समुद्रात मासेमारीला जायचं असेल तर होडी कशी असावी? वाटतं की चांगला नौका बांधणारा कारागीर गाठला, त्याला विचारलं, की झालं. पण एकोणिसाव्या शतकातल्या स्कॉटलंडमध्ये हा प्रश्न शंभर माणसांच्या मृत्यूनंतर थेट ब्रिटिश पार्लमेंटपर्यंत गेला. तिथे जे उत्तर मिळालं ते किनाऱ्यावरच्या अनेक मच्छीमारांना पटलं नाही. का पटलं नाही, हेच आज समजून घेऊ.

स्कॉटलंडच्या ईशान्येला मोरे फर्थ नावाचं मोठं आखात आहे. उन्हाळ्यात तिथे हेरिंगचे थवे येतात. हेरिंग म्हणजे आपल्या तारलीच्या जातकुळीतला मासा. तो रात्री वर येतो, म्हणून होड्या दुपारनंतर निघायच्या, अंधारात जाळी सोडायच्या आणि पहाटे परतायच्या. १८ ऑगस्ट १८४८, शुक्रवार. त्या दुपारी या किनाऱ्यावरून सुमारे ८०० होड्या बाहेर पडल्या. मध्यरात्रीच्या सुमारास आग्नेयेकडून वादळ उठलं. सकाळ झाली तेव्हा १२४ होड्या गेल्या होत्या आणि १०० माणसं बुडाली होती. त्यातली ३७ एकट्या विक बंदरातली, ३१ पीटरहेडची.

आता या होड्या कशा होत्या ते बघा. लांबी साधारण तीस-पस्तीस फूट, आणि वरून पूर्ण उघड्या. डेक नाही. उघड्या होडीचा धोका असा की लाट आत आली की पाणी आतच राहतं. होडी कलली की ते पाणी खालच्या बाजूला धावतं आणि होडीला आणखी कलवतं. दुसरी लाट येईपर्यंत उपसून झालं नाही, तर खेळ संपला. डेक असेल तर लाटेचं पाणी वरच्या वर वाहून जातं आणि आतली हवा होडीला तरंगत ठेवते. अर्थात डेकवरची झाकणं बंद असली तरच.

सरकारने चौकशीसाठी नौदलाचे कॅप्टन जॉन वॉशिंग्टन यांना पाठवलं. १८४९ साली त्यांचा अहवाल पार्लमेंटपुढे आला. त्यांनी ठिकठिकाणच्या मासेमारी होड्यांचे आराखडे जमवले, ते शेजारी शेजारी ठेवून तुलना केली आणि डेक असलेल्या होड्यांची बाजू घेतली. अहवालाचा हा भाग सगळ्यांच्या लक्षात राहिला.

मच्छीमारांनी मात्र हरकती घेतल्या. शहरातल्या माणसाला वाटलं, हे लोक जुन्याला चिकटून बसलेत. आपल्याकडेही असं बोललं जातं. कोळ्याने नवी गोष्ट नाकारली की तो अडाणी ठरतो. पण त्यांच्या हरकती एकेक करून ऐकू या.

पहिली हरकत वजनाची. अनेक गावांत धक्काच नव्हता. होडी रोज वाळूवर ओढून घ्यावी लागे. डेक म्हणजे जास्त लाकूड, जास्त वजन. दुसरी, खोलीची. जड होडी पाण्यात जास्त बुडते आणि ओहोटीला कोरड्या पडणाऱ्या उथळ बंदरात ती शिरणार कशी? तिसरी, कामाची. उघड्या होडीत माणूस आत उभा राहून जाळं ओढतो, कडा त्याच्या मांडीपर्यंत येते. डेकवर तो उंचावर उभा, ओल्या फळ्यांवर, पुरेसा कठडा नाही. बुडण्याची भीती गेली तरी पडण्याची भीती आली. आणि चौथी हरकत पैशाची. डेकवाली होडी महाग. मासे खारवणारे व्यापारी हंगामाआधीच होड्यांशी करार करायचे, अमुक इतके मासे अमुक भावाने. आगाऊ उचल द्यायचे. त्या उचलीत कुटुंबं अडकलेली. मोबदल्याचा काही भाग तर व्हिस्कीच्या रूपात दिला जायचा, आणि वॉशिंग्टन यांनी या प्रथेवर टीका केली होती. ज्याच्या डोक्यावर उचल आहे त्याने महागडी होडी बांधायची कशी? आणि आभाळ भरलेलं दिसलं तरी घरी थांबायचं कसं?

म्हणजे होडीचा आकार तिचा मालक एकटा ठरवत नव्हता. बंदराची खोली आणि व्यापाऱ्याचा करारही तो ठरवत होते.

विकमध्ये त्या रात्री काय झालं ते पाहिलं की हे स्पष्ट होतं. वारा वाढताच काही होड्या लवकर परतल्या. तेव्हा भरती होती, त्या आत आल्या. उशिरा आलेल्यांसाठी पाणी उतरलं होतं. बंदर समोर दिसतंय, पण आत शिरता येत नाही. अनेक माणसं अशी बंदराच्या तोंडाशी गेली. म्हणून वॉशिंग्टन यांच्या अहवालात दुसरी मागणीही तितकीच ठळक होती: भरती असो वा ओहोटी, केव्हाही आत येता येईल अशी बंदरं. पण डेकचा खर्च मच्छीमाराचा होता आणि बंदराचा खर्च इतरांनी करायचा होता. त्यामुळे चर्चा कशाची जास्त झाली, हे सांगायला नको.

बंदर बांधणं सोपं होतं असंही नाही. विकमध्येच थॉमस स्टीव्हन्सन या नामांकित अभियंत्याने १८६३ पासून लाटा अडवणारा बांध घातला. १८७२ मध्ये समुद्राने त्याचं टोक उचलून नेलं, १८७७ मध्ये दुरुस्त केलेला भागही नेला. शेवटी ते काम सोडून द्यावं लागलं.

तरीही पुढच्या तीस वर्षांत होड्या बदलल्या. जिथे बंदरं सुधारली तिथे होड्या मोठ्या झाल्या, त्यांच्यावर डेक आले. फळीवर फळी चढवण्याऐवजी फळीला फळी भिडवून सपाट बांधणी होऊ लागली, त्यामुळे आकार वाढवता आला. १८७९ मध्ये लॉसीमथच्या विल्यम कॅम्पबेल यांनी एका प्रकारच्या होडीची सरळ उभी नाळ आणि दुसऱ्या प्रकारचा तिरका मागचा भाग जोडून नवी होडी बांधली. तेव्हा आफ्रिकेत झुलूंशी युद्ध चालू होतं, म्हणून या प्रकाराला ‘झुलू’ नाव पडलं. ही रचना किनाऱ्यावरच्याच माणसाची होती, आणि ती झपाट्याने पसरली. जुन्याला चिकटलेले म्हणून ज्यांना हिणवलं, तेच हे लोक.

मग प्रश्न सुटला का? १४ ऑक्टोबर १८८१. यावेळी ठिकाण स्कॉटलंडच्या आग्नेय टोकाचं, आयमथ. खराब हवेमुळे होड्या काही दिवस किनाऱ्यावरच होत्या. घरात पैसा नाही. त्या सकाळी समुद्र शांत होता, पण बंदरावरचा वायुभारमापक खूप खाली उतरला होता. तो सगळ्यांना दिसत होता. तरी होड्या गेल्या. दुपारी वादळ आलं आणि त्या किनाऱ्यावरचे १८९ मच्छीमार मेले. त्यातले १२९ आयमथचे. इथल्या होड्यांना डेक होते! काही होड्या बंदराच्या तोंडाशी खडकांवर आपटल्या, बायकामुलं किनाऱ्यावरून पाहत असताना. बंदराकडे न धावता खोल समुद्रात थांबलेल्या काही होड्या मात्र वाचल्या. ‘एरियल गझेल’ ही होडी जवळजवळ दोन दिवसांनी परतली, तोवर गावाने तिची आशा सोडली होती. डेकने आपलं काम केलं होतं. घात केला तो रिकाम्या घराने आणि अवघड बंदराने.

आपल्या कोकण किनाऱ्याशी याचा संबंध इतकाच, पण तो महत्त्वाचा आहे. आपल्याकडे होडीइतकंच पंचांगही सुरक्षेचं साधन होतं. पावसाळ्यात होड्या वर ओढायच्या आणि नारळी पौर्णिमेला नारळ वाहून मगच समुद्र उघडायचा. आज कायद्याने पश्चिम किनाऱ्यावर पावसाळ्यात काही काळ यांत्रिक मासेमारी बंद असते. मोरे फर्थमध्ये हे शक्य नव्हतं, कारण मासा यायचा तेव्हाच कमाई. वादळ ऑगस्टमध्ये आलं आणि हंगामही ऑगस्टमध्येच होता.

तेव्हा उघड्या समुद्रासाठी होडी निवडताना तिचा काठ, डेक, झाकणं, वजन हे पाहायलाच हवं. पण त्याबरोबर तीन प्रश्न विचारायला हवेत. ती कोणत्या बंदरात परतणार आहे? ती कोणाच्या पैशावर बांधली आहे? आणि हवा बिघडली तर तिच्या तांडेलाला ‘आज नाही जात’ म्हणता येतं का? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं मच्छीमाराच्या हातात क्वचितच असतात, आणि तिसऱ्याचं उत्तर बहुतेक वेळा त्या दोघांवरूनच ठरतं.