चौकटीसकट खेळ

नव्वदच्या दशकात दोडामार्गसारख्या गावात एखाद्या घरी ‘टीव्ही गेम’ आला की सगळी दुपार त्यातच जायची. ॲंटेनाच्या जागी गेमची वायर लावायची, चॅनेल हळूहळू फिरवत चित्र पकडायचं, ‘९९९९ इन १’च्या कॅसेटमध्ये फुंकर मारायची. फुगीर काच, कडेला किंचित फुटलेले रंग, वर स्टॅबिलायझर. इथल्या पोरांनी मारिओ आणि कॉन्ट्रा पाहिले ते असे. आज तेच खेळ इम्युलेटरमधून, म्हणजे जुन्या यंत्राची नक्कल करणाऱ्या प्रोग्राममधून, सपाट पडद्यावर चालतात आणि चित्र इतकं टोकदार दिसतं की परकं वाटतं. शेडर (चित्र जुन्या काचेसारखं करणारा प्रोग्राम) आणि बेझल (पडद्याभोवती दाखवायची टीव्हीची चौकट) हा त्यावरचा उपाय. खेळाच्या चित्रावर किंवा भोवती वेगळं काही चढवायची कल्पना मात्र इम्युलेटरहून जुनी आहे.

१९७२ साली अमेरिकेत आलेल्या मॅग्नाव्हॉक्स ओडिसी या पहिल्या घरगुती खेळयंत्राला रंग दाखवता येत नव्हते. सोबत मिळणारे रंगीत, पारदर्शक प्लास्टिकचे कागद टीव्हीच्या काचेवर चिकटवले की मैदान तयार व्हायचं. १९७८ च्या ‘स्पेस इन्व्हेडर्स’ या जपानी आर्केड खेळाचा पडदाही कृष्णधवल, त्यावरचा रंग सेलोफेनच्या पट्ट्यांचा. मिडवे कंपनीच्या उभ्या कॅबिनेटमध्ये तर आरशामुळे खेळातले परग्रहवासी चंद्राच्या रंगवलेल्या देखाव्यावर उतरताना दिसायचे. १९९७ मध्ये इटलीच्या निकोला साल्मोरियाने ‘मेम’ हा आर्केड इम्युलेटर आणला. चिपचं काम मेमने हुबेहूब केलं, पण कॅबिनेटवरची चित्रकला बाहेरच राहिली. ती पडद्याभोवती बसवायची सोय पुढे आली.

शेडर सांभाळतो ते काचेचं काम. ग्राफिक्स चिपवर चालणारा हा छोटा प्रोग्राम ओळींमधल्या काळ्या फटी, फॉस्फरचे ठिपके, काचेचा बाक पुन्हा उभा करतो. ही नुसती हौस नव्हे. १९९१ च्या ‘सोनिक’मधला धबधबा उभ्या पट्ट्यांनी काढलेला आहे, जुन्या वायरीतून येताना त्या पट्ट्या एकमेकींत मिसळत आणि पाणी पारदर्शक दिसे. स्वच्छ पडद्यावर उरतात त्या नुसत्या पट्ट्या.

तयार बेझल बहुधा अमेरिकी किंवा जपानी टीव्हींचे असतात. आपल्याकडे १९८२ मध्ये रंगीत प्रसारण आलं ते पाल पद्धतीचं, सेकंदाला ५० वेळा चित्र रंगवणारं. अमेरिका-जपानचे टीव्ही साधारण ६० वेळा रंगवत. तेव्हाच्या औरंगाबादजवळच्या चितेगावचा व्हिडिओकॉन किंवा मुंबईच्या कंपनीचा ओनिडा पाल पद्धतीचाच. दोडामार्गच्या आठवणीला चौकट हवी ती यांची.

ती घरी बनवता येते. टीव्ही बंद करून, ट्यूबलाइटचं प्रतिबिंब टाळून अगदी समोरून फोटो काढायचा. काचेचा भाग कापून पारदर्शक ठेवायचा आणि पीएनजी फाइल रेट्रोआर्च या इम्युलेटर चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये ओव्हरले, म्हणजे चित्रावरचा थर, म्हणून लावायची. मारिओच्या २४० ओळी चौपट केल्या की ९६० होतात. १०८० ओळींच्या पडद्यावर वर-खाली ६०-६० उरतात. ४:३ प्रमाणात रुंदी १२८० ठेवली, तर १९२० पैकी दोन्ही बाजूंना ३२०-३२० पिक्सेल मोकळे. बटणं, स्पीकरची जाळी, कंपनीची पट्टी त्यात आरामात बसते.