शेवंतीला दिवाळी कशी कळते?

आज फुलांचा इतिहास, पण हार-वेण्यांचा नाही. आजचा प्रश्न आहे वेळेचा.

बघा, शेवंतीच्या काश्या, म्हणजे मुळाशी फुटणारे कोंब, कुणी एप्रिलमध्ये लावतं, कुणी जूनमध्ये. महिनाभराने शेंडा खुडायचा, की बाजूने फांद्या फुटतात आणि झाड डेरेदार होतं. इथपर्यंत सगळं आपल्या हातात. पण फुलं? एप्रिलवालीलाही आणि जूनवालीलाही साधारण एकाच सुमाराला, दसरा-दिवाळीच्या आगेमागे. दोन महिने आधी लावल्याचं बक्षीस काही मिळत नाही. जणू आत कुणी क्रॉन जॉब लावून ठेवलाय.

चीनमध्ये ही वेळ इतकी पक्की की नवव्या चांद्रमहिन्याच्या नवव्या दिवशीचा सण याच फुलाचा, आणि त्या दिवशी शेवंती घातलेलं मद्य प्यायची रीत. लिऊ मेंग याने तर ११०४ साली फक्त शेवंतीवर ग्रंथ लिहिला. पुढे जपानमध्ये सोळा पाकळ्यांची शेवंती राजघराण्याचं चिन्ह झाली. युरोपात मात्र ती उशिरा रुजली. १७८९ मध्ये ब्लांकार नावाच्या व्यापाऱ्याने मार्सेला तीन जाती आणल्या, त्यातली एकच जगली. या सगळ्यांनी रंग काढले, आकार काढले. ती याच दिवसांत का फुलते, हे मात्र कुणाला सांगता येत नव्हतं. थंडी पडली म्हणून, असं वाटणं साहजिक आहे.

उत्तराचा पहिला धागा सापडला तो तंबाखूत. अमेरिकेच्या शेतकी खात्यात गार्नर आणि अ‍ॅलार्ड हे दोघे तंबाखूच्या एका जातीने हैराण झाले होते. उन्हाळाभर ती नुसती उंच वाढायची, फूल नाही. हिवाळ्यात काचघरात ठेवली की छोटंसं झाडही फुलायचं. जुलै १९१८ मध्ये त्यांनी काही कुंड्या रोज दुपारी चारला अंधाऱ्या खोलीत न्यायच्या आणि सकाळी नऊला बाहेर काढायच्या, असा क्रम सुरू केला. ऐन उन्हाळ्यात तंबाखू फुलला! थंडीचा संबंध नव्हता, खेळ होता दिवसाच्या लांबीचा. १९२० मध्ये त्यांनी हे छापलं, आणि छोट्या दिवसांत फुलणाऱ्या झाडांना ‘शॉर्ट डे प्लँट’ म्हणायची पद्धत पडली. शेवंती याच गटातली.

खरं तर हे नाव चुकलंय. १९३८ मध्ये हॅमनर आणि बॉनर यांनी कपड्यांना चिकटणाऱ्या काटेरी फळांच्या एका तणावर प्रयोग केले, तेव्हा दिसलं की मोजली जाते ती रात्र. लांब रात्रीच्या मध्ये थोडा वेळ दिवा लावला, तरी तण फुलायचं थांबलं. पण नाव तेच राहिलं. जुन्या कोडमधल्या चुकीच्या व्हेरिएबलसारखं, बदलायला कुणी धजत नाही.

आता आजच्या भागाचा खरा नायक. मिखाइल चायलाख्यान, सोव्हिएत रशियात काम करणारे आर्मेनियन शास्त्रज्ञ. त्यांनी विचारलं, रात्र मोजतो झाडाचा कुठला भाग? आणि हा प्रयोग त्यांनी शेवंतीवरच केला. वरच्या भागातली पानं काढून टाकली, खालची ठेवली. मग खालच्या पानांना छोटा दिवस दिला आणि वरच्या बोडक्या शेंड्याला मोठा. शेंडा फुलला. उलटं केलं, शेंड्याला छोटा दिवस आणि पानांना मोठा, तर फूल नाही. म्हणजे मोजतं पान, फुलतो शेंडा. मग पानाकडून शेंड्याकडे काहीतरी जातंय! त्या न दिसलेल्या निरोपाला त्यांनी १९३६-३७ च्या सुमाराला नाव दिलं, फ्लोरिजेन.

प्रयोग इतका स्वच्छ आहे की घरी कुंडीत करून बघावा. पण तो काळ लायसेंकोचा होता. सोव्हिएत शेतीशास्त्रात शब्द त्याचा, आणि झाडाच्या वाढीबद्दलची त्याची मतं वेगळी. फुलण्यामागे हार्मोन आहे असं म्हणणाऱ्या चायलाख्यान यांना त्याचा त्रास झाला. तरी त्यांनी विषय सोडला नाही. १९६४ मध्ये ख्रुश्चेव गेले आणि लायसेंकोची सद्दी संपली, पण फ्लोरिजेन काही हाती लागेना. जगभर लोक पानांचे अर्क काढत राहिले. सापडतच नाही म्हटल्यावर असं काही नसेलच, असंही बोललं जाऊ लागलं.

चायलाख्यान १९९१ मध्ये गेले. २००७ मध्ये जर्मनीतल्या एका गटाने अ‍ॅरॅबिडॉप्सिस या छोट्या रोपात आणि जपानमधल्या एका गटाने भातात तो निरोप पकडला. ते एक छोटं प्रथिन निघालं. पानात तयार होतं, अन्नरसासोबत शेंड्यापर्यंत जातं. सत्तर वर्षं! आणि ज्याने शेवंतीची पानं खुडून हे सांगितलं होतं, तो बघायला नव्हता.

२०१३ मध्ये जपानी संशोधकांना शेवंतीतच उलटा निरोपही मिळाला, ‘फुलू नको’ सांगणारा. रात्र लहान असली किंवा मध्ये दिवा लागला, की पान हे दुसरं प्रथिन बनवतं. पॉलीहाऊसवाले मध्यरात्री बल्ब लावून शेवंती लांबवतात आणि काळं कापड घालून लवकर आणतात, त्यामागे हीच यंत्रणा.

आणि बाल्कनीतही तीच. पुण्यात जूनमध्ये दिवस साधारण सव्वातेरा तासांचा, डिसेंबरमध्ये अकराचा. शेवंतीला एवढा फरक पुरतो, पण सोसायटीचा एलईडी रात्रभर थेट कुंडीवर पडत असेल तर तिला रात्र लांबल्याचं कळणारच नाही. हिरवीगार वाढेल, कळी नाही. अशा वेळी खत वाढवून उपयोग नाही. कुंडी कोपऱ्यात सरकवा, किंवा संध्याकाळी सहाला खोका पालथा घाला आणि सकाळी आठला काढा. कळीला रंग दिसेपर्यंत रोज. आणि ऑगस्ट संपला की शेंडा खुडणं बंद, नाहीतर निरोप येऊन पोचेल आणि घ्यायला शेंडाच नसेल.