दातांवर कोरलेली नोंद : यवतमाळचे फ्लोराइड आणि शाळेतील पाण्याची तपासणी

१/ इतिहासाच्या साधनांत शिलालेख, ताम्रपट आणि नाणी यांच्याबरोबर माणसाच्या दातांचीही गणना होते. बलुचिस्तानातील मेहरगढ येथे सापडलेल्या नवाश्मयुगीन दातांवर अभ्यासकांना फ्लोरोसिसच्या खुणा आढळल्या आहेत. तशाच खुणा यवतमाळ जिल्ह्यातील शाळकरी मुलांच्या दातांवरही उमटल्या. त्यांची कथा पाण्यापासून सुरू होते.

२/ दुधाचे दात पडून कायमचे दात येतात, त्याच्या कितीतरी आधी हिरड्यांच्या आत त्यांचे कवच घडत असते. साधारण आठव्या वर्षापर्यंत हे काम चालते. या काळात पोटात फ्लोराइड अधिक गेले, तर कवच सदोष बनते. दात खडूसारखे पांढरे दिसतात, पुढे त्यांवर पिवळे-तपकिरी पट्टे उमटतात आणि ते आयुष्यभर जात नाहीत.

३/ या डागांचे कारण शोधण्यास तीन दशके लागली. १९०१ साली फ्रेडरिक मॅके हा तरुण दंतवैद्य अमेरिकेतील कोलोरॅडो स्प्रिंग्ज येथे आला. तेथील अनेक रहिवाशांचे दात तपकिरी होते. दोष पाण्यात असावा, असा त्याचा तर्क होता. परंतु त्या काळच्या पाणीतपासणीत काहीच सापडत नव्हते.

४/ उलगडा झाला तो आर्कान्सामधील बॉक्साइट या खाणगावात. १९०९ मध्ये तेथे उथळ विहिरी सोडून खोल विहिरींचे पाणी घेण्यात आले आणि त्यानंतर वाढलेल्या मुलांच्या दातांवर डाग दिसू लागले. १९३१ मध्ये रसायनतज्ज्ञ एच. व्ही. चर्चिल यांनी ते पाणी वर्णपटाच्या साहाय्याने तपासले. त्यात दर दहा लाख भागांत १३.७ भाग फ्लोराइड निघाले. त्याआधी ते कोणी मोजलेच नव्हते.

५/ भारतात ही नोंद फार उशिरा झाली नाही. १९३७ मध्ये एच. ई. शॉर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मद्रास इलाख्यातील नेल्लोर भागाचे वर्णन प्रसिद्ध केले. तेथे दातांबरोबर हाडेही बाधित झाली होती. पाठीचा कणा ताठरलेली, वाकता न येणारी माणसे त्या गावांत होती.

६/ महाराष्ट्राच्या पाण्याचा इतिहास मात्र वेगळ्या संकटाने वळला. १९७२ च्या दुष्काळात विहिरी आटल्या आणि पुढील काळात खडक भेदणाऱ्या यंत्रांनी गावोगावी कूपनलिका खोदल्या. हातपंपाच्या विकासात तर मराठी मुलखाचा मोठा वाटा आहे. मिशनऱ्यांच्या प्रयत्नांतून घडलेला जालन्याचा पंप सोलापुरात सुधारला गेला आणि त्याच परंपरेतून 'इंडिया मार्क टू' हा जगप्रसिद्ध पंप निर्माण झाला.

७/ या 'हापशी'चे उपकार थोडे नाहीत. उघड्या विहिरीचे पाणी म्हणजे पटकी, हगवण आणि नारू. पायऱ्यांच्या विहिरींतून पसरणारा नारू देशातून हद्दपार झाल्याची जागतिक मान्यता २००० साली मिळाली. कूपनलिकेचे पाणी थंड, नितळ आणि बहुधा जंतुमुक्त असे. ते शुद्ध आहे, असे सर्वांना वाटणे स्वाभाविकच होते.

८/ यवतमाळच्या पूर्व आणि दक्षिण भागात, म्हणजे पांढरकवडा, झरी-जामणी, मारेगाव आणि वणीच्या परिसरात, या नितळ पाण्यातच दोष होता. येथे काळ्या पाषाणाखेरीज त्याहून प्राचीन खडक आणि कोळशाचे थरही आहेत. पाणी जितका अधिक काळ खडकात मुरते, तितकी त्यातील खनिजे विरघळतात. कॅल्शियम कमी आणि सोडियम अधिक असलेल्या पाण्यात फ्लोराइड साचत जाते.

९/ भारतीय मानकानुसार लिटरमागे १ मिलिग्रॅम फ्लोराइड ही स्वीकार्य मर्यादा आहे. दुसरा स्रोत नसल्यास १.५ मिलिग्रॅमपर्यंत सवलत मिळते. पांढरकवडा परिसरातील भूजलाचा अभ्यास २००७ मध्ये 'करंट सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. काही नमुने ही मर्यादा कितीतरी पटींनी ओलांडत होते. कोलामांच्या पोडांवर हातपंपाखेरीज दुसरा आधार क्वचितच असे.

१०/ उपाय तर शेजारीच शोधला गेला होता. नागपूरच्या 'नीरी' या संस्थेने १९७० च्या दशकात तुरटी, चुना आणि विरंजक चूर्ण वापरून फ्लोराइड काढण्याची 'नलगोंडा पद्धत' विकसित केली. परंतु कोणत्या हापशीला तिची गरज आहे, हे मोजल्याशिवाय कळत नाही. फ्लोराइडला रंग, वास वा चव नसते. पाणी उकळल्याने ते जात नाही. वाफ निघून गेल्यावर उलट अधिक दाट होते.

११/ फ्लोरोसिस प्रतिबंधाचा राष्ट्रीय कार्यक्रम २००८-०९ मध्ये सुरू झाला. त्यात शाळकरी मुलांचे दात तपासून बाधित गावे ओळखली जातात. ही पद्धत स्वस्त आणि उपयुक्त आहे, पण तिच्यात एक करुण विसंगती आहे. मुलाच्या दातावर डाग दिसतो, तेव्हा त्या दातापुरते नुकसान होऊन गेलेले असते. ती नोंद धाकट्या भावंडाला वाचवू शकते. स्वतः त्या मुलाला नाही.

१२/ शिशाच्या बाबतीत तर एवढी दृश्य खूणही मिळत नाही. १९७९ मध्ये हर्बर्ट नीडलमन यांनी बोस्टनजवळच्या शाळकरी मुलांचे पडलेले दुधाचे दात गोळा करून त्यांतील शिसे मोजले. ज्यांच्या दातांत शिसे अधिक, त्यांची बुद्धिमापन चाचणीतील आणि वर्गातील एकाग्रता कमी आढळली. वरून पाहता ते दात आणि ती मुले अगदी निरोगी दिसत होती.

१३/ दोन्ही विषांचे मार्ग भिन्न आहेत. फ्लोराइड खडकातून येते, म्हणून स्रोत तपासावा लागतो. शिसे बहुधा नळ, जोड आणि वाहिन्यांतून उतरते, म्हणून प्रत्यक्ष शाळेच्या तोटीचे पाणी तपासावे लागते. तेही सकाळचे पहिले, रात्रभर वाहिनीत थांबलेले. भारतात पीव्हीसी वाहिन्यांतील शिशाच्या वापरावर नियम आले ते २०२१ मध्ये. त्यापूर्वी बसविलेल्या वाहिन्या अनेक इमारतींत अजून आहेत.

१४/ शिशाची मानक मर्यादा लिटरमागे ०.०१ मिलिग्रॅम आहे, फ्लोराइडच्या शंभरावा भाग. ही मर्यादाही व्यवहारापुरतीच. मुलांसाठी शिशाचे निर्धोक प्रमाण कोणतेही नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. गावपातळीवरील संचातील रंग पाहून फ्लोराइडचा अंदाज येतो. शिशाचे इतके सूक्ष्म प्रमाण मोजण्यास मात्र प्रयोगशाळेतील उपकरणेच लागतात.

१५/ २ ऑक्टोबर २०२० रोजी शाळा आणि अंगणवाड्यांपर्यंत नळाचे पाणी पोहोचविण्याची शंभर दिवसांची देशव्यापी मोहीम सुरू झाली. १९७२ नंतर जसा पाण्याचा स्रोत बदलला, तसाच तो पुन्हा एकदा बदलत आहे. बॉक्साइट गावाने आणि पांढरकवड्याने दिलेला धडा अशाच वेळी उपयोगी पडतो : स्रोत बदलला की पाणी नव्याने मोजावे, आणि ते मुलांच्या ओंजळीत पडण्यापूर्वी मोजावे.