लाव्हाच्या पोटातलं बेट

लांझारोते या स्पॅनिश बेटावरचे बहुतेक पर्यटक १७३०च्या उद्रेकाने घडवलेले तिमानफायाचे तांबडे डोंगर पाहून किनारा गाठतात. उत्तरेकडची, कोरोना ज्वालामुखीच्या लाव्हाने कोरलेली, काही किलोमीटर लांबीची भुयारं त्याहून कितीतरी जुनी.

चाच्यांच्या धाडी आल्या की बेटकरी इथेच दडत. १६१८मध्ये मात्र अल्जियर्सच्या चाच्यांनी ही लपणही हुडकली आणि माणसं गुलाम म्हणून नेली.

१९६०च्या दशकात चित्रकार सेसार मान्रिके यांनी याच भुयाराचा एक भाग, हामेओस देल आग्वा, लोकांसाठी सजवला. तिथल्या खाऱ्या तळ्यात पांढरे, आंधळे, इवलेसे खेकडे राहतात. धातू त्यांना विषासारखा. म्हणून नवसाची नाणी टाकायला सक्त मनाई!