चोवीस किरातांचं घर

जेरुसलेममध्ये उतरायचं तर 1554 साली उतरा, आणि बाब अस-सिलसिलाच्या चौकात उतरा. समोर सुलतान सुलेमाननं 1537 मध्ये बांधलेली पाणपोई आहे. तिच्यावरची गोल नक्षीदार चकती क्रूसेडकाळातल्या इमारतीतून काढून आणलेली आहे, आणि पाणी ज्या कुंडात पडतं ती मुळात रोमन शवपेटी. या गावात कुणाचंच काही वाया जात नाही. ओंजळभर पाणी प्या आणि शेजारच्या उंच दाराकडे या. दारावर प्याल्याचं चिन्ह कोरलेलं दिसेल. दमास्कसचा सुभेदार तन्किझ आधी त्या काळच्या सुलतानाचा साकी होता, त्याची ती खूण. 1328-29 मध्ये त्यानं इथे मदरसा बांधला. आता इथे काझीची कचेरी भरते.

आत जाण्याआधी डोक्याचं बघा. पांढरा फेटा मुसलमानांचा, निळा ख्रिस्त्यांचा, पिवळा ज्यूंचा. तुम्ही पिवळा बांधा. तो बांधलात की दर डोई जिझिया लागू होईल, पण आज सकाळपासून कचेरीत तुमच्याच रंगाची गर्दी आहे. दक्षिणेकडच्या शरफ, रीशा आणि मस्लख या मोहल्ल्यांतून लोक आले आहेत. 1525-26 च्या खानेसुमारीत गावात 199 ज्यू कुटुंबं होती, ताज्या यादीत 324. स्पेननं 1492 मध्ये ज्यांना हाकललं त्यांची मुलं-नातवंडं इथे पोचली आहेत. ती आपसात स्पॅनिश बोलतात, आणि पिढ्यान्‌पिढ्या अरबी बोलणाऱ्या इथल्या जुन्या ज्यूंना ते फारसं रुचत नाही.

मराठी माणसाला इथे अगदीच परकं वाटायचं कारण नाही. काझी, वकील, दफ्तर, वक्फ, जिझिया, हे शब्द कानावरून गेलेले आहेत. याच वर्षी अहमदनगरच्या निजामशाहीतही काझी बसलेला आहे. पुढे आपल्याकडच्या महजरांच्या तळाशी कुणब्याचा नांगर आणि वाण्याचा तराजू जसा निशाणी म्हणून येऊ लागतो, तशी इथे प्रत्येक नोंदीखाली हजर असलेल्या साक्षीदारांची नावं येतात.

पहिलं प्रकरण मटणाचं आहे. तुमच्या शेजारच्या ज्यू खाटकानं बोकड कापला, फुप्फुस तपासलं, त्यात खोट निघाली. धर्मानुसार ते मांस ज्यूंना चालत नाही. त्यानं ते मुसलमान गिऱ्हाइकाला विकलं. मुसलमान खाटीक चिडले आहेत. तक्रारीत धर्माचं नाव आहे, पण खरं दुखणं गल्ल्याचं, हे काझीला तोंडं बघूनच कळतं. ग्रंथधारकांनी, म्हणजे ज्यू-ख्रिस्त्यांनी, कापलेलं मांस मुसलमानांना चालतं, हे कुराणातच आहे. मग वाद भावावर येतो. मटणाचा भाव काझीच बांधून देतो. त्यामुळे तासभर घासाघीस चालते आणि शेवटी धर्माचा उल्लेखही कुणी करत नाही.

त्यानंतर एक बाई पुढे येते. हातात किल्ली, बरोबर म्हातारी आई, मागे रागानं लाल झालेला भाऊ. (ही बाई कुठल्याही एका नोंदीतली नाही, अशा कज्जांच्या चालीवरून उभी केलेली आहे.) बाप गेला. घर एक आहे. ज्यूंचं स्वतःचं न्यायासन या गावात आहे, रब्बी आहेत, निकाल देतात. मग ही इथे का? कारण रब्बींच्या कायद्यात मुलगा असला की मुलीला वारसा नाही. फार तर लग्नापर्यंत पोटगी आणि हुंडा. विधवेलाही वारसा नाही, तिला लग्नाच्या करारातली रक्कम. काझीच्या कायद्यात मात्र दोघींनाही हिस्सा आहे. बाईला हे नेमकं ठाऊक आहे. परधर्मीयांच्या दरबारात जाऊ नका म्हणून रब्बी बजावत आले आहेत, बहिष्काराची धमकीही देत आले आहेत. बाई ते ऐकून आली आहे.

भाऊ म्हणतो, हे घर बापानं हयातीतच मला दिलं होतं. काझी पुरावा मागतो. पुरावा नाही. मग शपथेची वेळ येते आणि कारकून तिला शब्द सांगतो: मूसावर तौरात उतरवणाऱ्या देवाची शपथ. मुसलमान काझीसमोर, मशिदीच्या आवाराला लागून, ज्यू बाई मूसाच्या देवाची शपथ घेते आणि कुणाला त्यात वावगं वाटत नाही. तिच्या बाजूनं दोन ज्यू शेजारी साक्ष देतात. ज्यूविरुद्ध ज्यूची साक्ष इथे चालते. मुसलमानाविरुद्ध चालत नाही. समोर मुसलमान सावकार असता तर याच दोन शेजाऱ्यांना घरी पाठवलं असतं. इथलं सहजीवन किती गोड होतं, असं लिहिणाऱ्यांनी एवढं विसरू नये. आणि नुसता छळच होता, असं लिहिणाऱ्यांनी या बाईकडे बघावं.

आता कारकुनाच्या खांद्यावरून वाका. जेरुसलेमात घराचे चोवीस भाग धरतात, प्रत्येक भाग म्हणजे एक किरात. विधवेला अष्टमांश, म्हणजे तीन किरात. उरले एकवीस, त्यात मुलाला मुलीच्या दुप्पट. मुलाला चौदा, मुलीला सात. हिशेब इतका स्वच्छ बसतो की कारकून खूश होतो. खुशीचं दुसरंही कारण आहे: वाटणीच्या रकमेवर दर हजारी काही फी कचेरीची. रब्बींना चुकवून आलेली बाई कचेरीला आवडते ती उगाच नाही.

मधे दोन किरकोळ कामं उरकतात. ज्यूंचा शेख, म्हणजे त्यांचा प्रमुख, ऑलिव्हच्या डोंगरावरच्या दफनभूमीचं भाडं भरतो. जमीन वक्फची आहे आणि त्याला नोंद हवी आहे. मग तो जिझियाच्या यादीवर भांडतो: हा मेला, तो कैरोला गेला, हा तर अजून पोर आहे. नोंदीचा त्याचा हट्ट समजण्यासारखा आहे. ऐंशी वर्षांपूर्वी, 1474 मध्ये, इथल्या ज्यूंचं रामबान सिनेगॉग जमावानं पाडलं. भांडण सुरू झालं होतं शेजारच्या घराच्या मालकीवरून. प्रकरण कैरोला तेव्हाच्या सुलतान कायतबायपर्यंत गेलं, तेव्हा ते परत बांधता आलं. तेच सिनेगॉग 1586 मध्ये सुभेदाराच्या हुकमानं बंद होणार आहे, हे तुम्हाला माहीत आहे. शेखाला सांगू नका. तो कागद करून ठेवतो आहे, ठेवू दे. असे 400 हून जास्त खंड या कचेरीत साठणार आहेत, आणि अम्नोन कोहेनसारखे इतिहासकार त्यातले ज्यू शोधून काढणार आहेत: खाटीक, वैद्य, कर्जदार, भांडखोर शेजारी. रब्बी प्रश्नांना लेखी उत्तरं देतात, त्या उत्तरपत्रांत माणसं सवाल म्हणून भेटतात. इथे ती भावासकट भेटतात.

तेवढ्यात ती तिघं पुन्हा पुढे येतात. भाऊ बहिणीचे सात किरात विकत घ्यायला तयार झाला आहे. चांदीची पारा नावाची नाणी मोजली जातात, बाई दोनदा मोजते, दुसरी नोंद होते, दुसरी फी पडते. भावाकडे आता एकवीस किरात. कारकून सवयीनं म्हातारीकडे वळतो आणि तिच्या तिनांचं काय, म्हणून विचारतो.

म्हातारी विकत नाही म्हणते. तिच्या तीन किरातांशिवाय मुलाला ते घर अख्खं विकता येणार नाही, हे तिच्या लक्षात मुलाच्या आधी आलेलं आहे.