मौन, नोंद आणि फारखत : गोंदिया परिसरातील ऋणविमोचनाचा एक मागोवा

मराठीतील ऋणव्यवहाराची परिभाषा तपासली असता एक विलक्षण गोष्ट आढळते. ‘फिर्याद’ हा शब्द मूळ फारसी असून त्याचा अर्थ पीडिताने मदतीसाठी फोडलेला टाहो असा आहे. परंतु पैशाच्या दाव्यात टाहो फोडणारा पीडित क्वचितच फिर्यादी असतो. फिर्याद सावकाराची असते. ऋणको हा प्रतिवादी, म्हणजे उत्तर देणारा. व्यवहारात मात्र तो उत्तर देतच नाही. समन्स येते, तारीख पडते, तो घरी राहतो आणि त्याच्या गैरहजेरीत ‘एकतर्फी’ हुकूमनामा होतो. कर्जाच्या इतिहासाचा विचार बहुधा व्याजदर, दुष्काळ आणि जमिनीची मालकी या अंगांनी झालेला आहे. ऋणकोचे मौन हे त्या इतिहासाचे तितकेच महत्त्वाचे अंग होय, आणि ऋणविमोचनाच्या कायद्यांचे यशापयश या मौनाचे त्यांनी काय केले यावरून मोजता येते, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. विवेचनाचे क्षेत्र आजचा गोंदिया जिल्हा हे आहे.

१

हा जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्यातून वेगळा झाला. १८६१ मध्ये स्थापन झालेल्या मध्य प्रांताचा तो भाग होता. त्यानंतरच्या बंदोबस्तात मालगुजारांना गावावर मालकी हक्क मिळाला आणि जमीन ही तारण ठेवण्याजोगी, म्हणूनच दाव्यात हातची जाण्याजोगी वस्तू बनली. धान व तलाव यांवर उभ्या असलेल्या या प्रदेशात कुळाची उचल मात्र पुष्कळदा रोखीची नसून धान्याची असे. पेरणीच्या वेळी नेलेले धान्य कापणीनंतर ‘सवाई’ने किंवा ‘दिढी’ने परत करावयाचे; म्हणजे चार खंडी नेल्यास सवाईने पाच आणि दिढीने सहा खंडी द्यावयाचे. हे शेकडा पंचवीस वा पन्नास व्याज वर्षाचे नव्हे, अवघ्या काही महिन्यांचे असे.

‘व्याज’ या शब्दाचा प्रवासही येथे उद्बोधक ठरतो. संस्कृतात कर्जावरील वाढीला ‘वृद्धि’ किंवा ‘कुसीद’ म्हणत. ‘व्याज’ याचा तेथील अर्थ निमित्त, मिष, कपट असा आहे. शब्दाच्या व्युत्पत्तीवरून धंद्याची नीती ठरविणे अशास्त्रीय होईल. तथापि सवाईच्या व्यवहारात वाढ ही व्याज म्हणून वेगळी दिसत नाही, ती मापातच मिसळून जाते, हे ध्यानात घ्यावयास हवे. थकलेले धान्य बाजारभावाने रुपयांत मोडले जाई, त्यात मागील बाकी मिळविली जाई आणि एकूण रकमेचा नवा रोखा होई. मुद्दल कोणते आणि वाढ किती, हे त्या रोख्यावरून कळण्यास मार्ग नसे. ऋणको त्यावर अंगठा उठवी. न्यायालयात पुढे येई तो हा रोखा. त्यामागील पाच-सात हंगामांचा इतिहास ऋणकोच्या तोंडी असे, आणि ऋणको तर न्यायालयात नसे.

तो का नसे, याची कारणे उघड आहेत. दिवाणी न्यायालय दूर, वकिलाची फी मोठी आणि तारीख बहुधा शेतीच्या कामाच्या दिवसांत येणारी. शिवाय कर्ज घेतले हे तर खरेच; मग न्यायाधीशापुढे जाऊन सांगावयाचे काय, ही समजूत. दाव्याचे उत्तर म्हणजे कर्ज नाकारणे नव्हे, ते रकमेचा हिशेब मागणे होय, हा भेद त्याला कोणी सांगितलेला नसे.

२

या प्रश्नाला पहिले मोठे कायदेशीर उत्तर मराठी मुलखातच मिळाले. परंतु ते दख्खनेत, वैनगंगेकाठी नव्हे. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे दंगा झाला व तो पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत पसरला. दंगेखोरांचा रोख प्रामुख्याने सावकारांच्या रोख्यांवर व वह्यांवर होता. आपल्याविरुद्ध बोलतो तो कागद, हे त्यांनी अचूक ओळखले होते. त्यानंतरचा १८७९ चा दख्खन शेतकरी कर्जनिवारण कायदा मूळ पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांपुरता होता. त्याने न्यायालयास रोख्याच्या मागे जाऊन कर्जाचा आरंभापासूनचा इतिहास तपासण्यास सांगितले, प्रतिवादीची साक्ष घेण्याची तरतूद केली आणि शेतकऱ्याला पावती व हिशेबाचे उतारे मागण्याचा हक्क दिला. ऋणकोला बोलते करण्याचा हा प्रयत्न होता; परंतु तो न्यायालयाच्या चौकटीतच राहिला.

मध्य प्रांताने प्रथम निराळा मार्ग धरला. १८९८ च्या कुळकायद्याने कुळाच्या जमिनीच्या हस्तांतरावर निर्बंध घातले. १८९६-९७ व १८९९-१९०० या दोन दुष्काळांनंतर सरकारी अधिकाऱ्यांच्या मध्यस्थीने सावकार व ऋणको यांच्यात तडजोडी घडवून आणण्याचे प्रयोगही प्रांतात झाले. या अनुभवाला कायद्याचे रूप आले ते मात्र जागतिक मंदीत शेतमालाचे भाव कोसळल्यावर, १९३३ च्या मध्य प्रांत कर्ज-तडजोड कायद्याने. पुढे इतर प्रांतांत झालेल्या अशा कायद्यांत तो अग्रेसर होता.

त्याची यंत्रणा पाहण्याजोगी आहे. ऋणकोने वा सावकाराने मंडळाकडे अर्ज केल्यावर मंडळ सर्व सावकारांना आपापल्या येण्याचे निवेदन सादर करण्यास सांगे. मुदतीत जो निवेदन देणार नाही, त्याचे कर्ज फिटले असे समजले जाई. एकूण कर्जापैकी निदान ४० टक्के रकमेच्या धनकोंनी तडजोड मान्य केली, तर तिची नोंदणी होई. ऋणकोने वाजवी देकार केला असूनही एखादा सावकार अडून बसला, तर मंडळ ऋणकोला तसा दाखला देई. मग त्या सावकाराने दावा लावला तरी त्याला खर्च मिळत नसे आणि पुढील व्याज शेकडा सहाहून अधिक मिळत नसे.

यांपैकी पहिले कलम इतिहासाच्या दृष्टीने सर्वांत अर्थपूर्ण आहे. दिवाणी दाव्यात गप्प बसणाऱ्या ऋणकोचे नुकसान होई. मंडळापुढे गप्प बसणाऱ्या सावकाराचे होऊ लागले. मौनाची किंमत एका पारड्यातून उचलून दुसऱ्यात ठेवली गेली. व्याजाचा दर कायद्याने उतरविण्यापेक्षा हा फेरफार मूलगामी म्हणावा लागेल, कारण त्यामुळे रोख्यामागील हिशेब सावकारालाच उलगडून मांडावा लागे. अर्थात मंडळांनाही मर्यादा होत्या. हप्ते ठरत, पण पुढील हंगाम बुडाला की हप्ता थके, आणि थकलेला हप्ता जमीनमहसुलाच्या बाकीप्रमाणे वसूल करण्याची तरतूद त्याच कायद्यात होती. १९३९ च्या मध्य प्रांत व वऱ्हाड कर्जनिवारण कायद्याने तडजोडीऐवजी कर्जनिवारण न्यायालयांचा मार्ग स्वीकारला.

३

शेतीबाहेरील कर्जाचा इतिहास याहून कमी अभ्यासला गेला आहे. रेल्वेचे जंक्शन झाल्यावर गोंदिया हे व्यापाराचे गाव बनले. भाताच्या गिरण्या आणि बिडीचा धंदा तेथे वाढला. मजुरीवर जगणाऱ्याचे कर्ज बियाण्याचे नसते. ते किराण्याचे, कापडाचे, औषधाचे, लग्नाचे, किंवा बिडी वळणाऱ्याच्या बाबतीत सट्टेदाराकडून घेतलेल्या पेशगीचे असते. त्याला जमिनीचे तारण नसल्याने वसुलीचे साधन म्हणजे ‘तगादा’. हा शब्द अरबी असून त्याचा मूळ अर्थ केवळ मागणी असा आहे. दाराशी ठाण मांडून बसणे ही छटा त्याला व्यवहाराने दिली.

मध्य प्रांताने या ऋणकोसाठीही दोन कायदे केले. १९३६ च्या कायद्यान्वये दरमहा ५० रुपयांपर्यंत वेतन असलेल्या औद्योगिक कामगाराचे कर्ज त्याची मालमत्ता व तीन महिन्यांचे वेतन यांच्या बेरजेहून अधिक असल्यास, ते ठरवून निकालात काढण्यासाठी त्याला अर्ज करता येई. १९३७ च्या ऋणको-संरक्षण कायद्याने वसुलीसाठी ऋणकोला त्रास देणे हा गुन्हा ठरविला. शाही मजूर आयोगाने १९३१ च्या अहवालात पगाराच्या दिवशी कारखान्याच्या दाराशी सावकारांनी धरणे धरण्याच्या प्रकाराकडे लक्ष वेधले होते, त्याची ही फलश्रुती होय. याच सुमारास, १९३६ मध्ये, दिवाणी प्रक्रिया संहितेतही दुरुस्ती होऊन केवळ दारिद्र्यापायी पैसे न देणाऱ्याला हुकूमनाम्याखाली कैदेत टाकण्यावर निर्बंध आला. ऐपत असून टाळाटाळ करणारा आणि ‘नादार’, म्हणजे ज्याच्यापाशी नाही असा, हे दोघे कायद्याच्या दृष्टीने निराळे झाले.

४

मालगुजारी ३१ मार्च १९५१ रोजी संपली. प्रांत गेला, राज्ये बदलली. सावकारीचे नियमन आज २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी (नियमन) कायद्याने होते. तडजोड मंडळे इतिहासजमा झाली असून त्या जागी १९८७ च्या विधिसेवा प्राधिकरण कायद्याखालील लोकअदालत आहे. तेथील तडजोडीला हुकूमनाम्याचे बळ असते आणि तिच्यावर अपील नसते. परंतु तेथे हजर न राहिलेल्या धनकोचे कर्ज बुडत नाही. १९३३ च्या कायद्यातील ते पारडे पूर्वपदावर गेले आहे. वित्तसंस्थांचे गटकर्ज, हप्त्याने घेतलेली दुचाकी आणि सहीचा कोरा धनादेश ही आजच्या उधारीची रूपे होत. धनादेश न वटल्यास १९८८ च्या दुरुस्तीपासून फौजदारी फिर्याद होऊ शकते. कोऱ्या स्टॅम्पावरील अंगठ्याचा हा वंशजच म्हणावयाचा. तगाद्याच्या वेळेलाही पुन्हा मर्यादा घालावी लागली : रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या निर्देशांप्रमाणे सकाळी ८ पूर्वी व संध्याकाळी ७ नंतर, आणि सूक्ष्मवित्ताच्या कर्जात सकाळी ९ पूर्वी व संध्याकाळी ६ नंतर, वसुलीसाठी संपर्क साधणे निषिद्ध आहे.

या बदलांत न्यायालयीन मौनाचे फळ मात्र बदललेले नाही. १९०८ ची दिवाणी प्रक्रिया संहिता ऋणकोला जे देते, त्यातील बहुतेक मागितल्यावाचून मिळत नाही. सामान्य दाव्यात समन्स पोहोचल्यापासून ३० दिवसांत लेखी कैफियत द्यावयाची असते. कारण दाखविल्यास न्यायालय ही मुदत ९० दिवसांपर्यंत वाढवू शकते. एकतर्फी हुकूमनामा सबळ कारण दाखवून रद्द करवून घेता येतो. रक्कम हप्त्यांनी भरण्याची सवलत मागता येते. अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, कारागिराची हत्यारे, शेतकऱ्याची औते-बैल-बियाणे आणि मजुराची मजुरी जप्तीतून वगळलेली आहेत. परंतु बेलिफ दारी आल्यावर हे सांगणारा कोणी हवा. एकच महत्त्वाचा अपवाद आढळतो : मुदत उलटलेला दावा, प्रतिवादीने हरकत घेतली नाही तरी, न्यायालयाने फेटाळावयाचा असतो. पण मुदत संपण्यापूर्वी ऋणकोने कर्ज कबूल असल्याचे लिहून सही केली, तर मुदत नव्याने सुरू होते. येथे पुन्हा कागदच बोलतो.

सर्वांत कठोर नियम फेडीविषयीचा आहे. हुकूमनाम्यानंतर ऋणकोने न्यायालयाबाहेर रक्कम दिली आणि तिची न्यायालयात नोंद करवली नाही, तर अंमलबजावणी करणारे न्यायालय ती रक्कम हिशेबात धरीत नाही. प्रामाणिकपणे धान्य वा पैसा पोहोचवणारा मनुष्य कायद्याच्या लेखी पूर्ण ऋणी राहतो. ज्या समाजात शब्द हीच पावती मानली जाई, तेथे या नियमाने किती घरे दुहेरी फेडीत सापडली असतील, याची कल्पना करता येते.

जुन्या मराठी व्यवहाराला हे ठाऊक नव्हते असे नाही. ‘फारखत’ या शब्दात ‘फारिग’ म्हणजे मोकळा आणि ‘खत’ म्हणजे लेख हे दोन शब्द आहेत. मोकळे झाल्याचा लेख तो फारखत. कर्ज फिटणे आणि मोकळे होणे या दोन निराळ्या घटना असून दुसरीला लेख लागतो, हे ज्ञान भाषेने जपून ठेवले होते. आज हा शब्द ‘फारकत’ या रूपाने मुख्यतः विवाहविच्छेदापुरता उरला आहे आणि ऋणाच्या संदर्भातून जवळजवळ लोपला आहे.

सारांश, गोंदिया परिसराच्या ऋणेतिहासातून निघणारा निष्कर्ष असा की, ऋणकोच्या वतीने कोणी कर्ज माफ केले वा व्याज उतरविले, तेवढ्याने तो मुक्त झाला नाही. जेव्हा धनकोला हिशेब मांडावा लागला आणि ऋणकोचे म्हणणे अभिलेखात शिरले, तेव्हाच त्याच्या बाजूने काही निष्पन्न झाले. स्त्रिया तसेच अनुसूचित जाती व जमातींच्या व्यक्तींना उत्पन्नाची अट न लावता मोफत विधिसाहाय्य मिळण्याची तरतूद १९८७ च्या कायद्यात आहे. गटकर्जाचा बोजा ज्यांच्या नावे आहे त्यांत स्त्रियाच अधिक असल्याने ती येथे विशेष प्रस्तुत ठरते. समन्स हे शिक्षेचे पत्र नसून बोलण्याचे निमंत्रण आहे, एवढा अर्थबदल लोकमानसात घडून आला, तर १९३३ च्या कायद्याने धनकोवर सक्ती करून जे साधले, त्यातील काही अंश ऋणकोच्या स्वतःच्या बोलण्यानेही साधेल.