चिनी दूरसंचार कंपन्यांवरील परदेशांतील खटले व निर्बंध

हुआवेई, झेडटीई तसेच चायना मोबाईल, चायना टेलिकॉम, चायना युनिकॉम या चिनी कंपन्यांविरुद्ध २००३ पासून निरनिराळ्या देशांत चाललेले खटले, चौकश्या आणि बंदी-आदेश. यांतला एक फरक आधीच ध्यानात घ्यायला हवा. न्यायालयांत गाजलेले खटले चोरीचे, लाचेचे, करारभंगाचे आणि आर्थिक निर्बंध मोडल्याचे होते. सरकारांनी बंदी घातली ती मात्र मुख्यतः हेरगिरीच्या भीतीने. उपकरणांत मुद्दाम चोरवाट ठेवून हेरगिरी केल्याचा आरोप पुढे दिलेल्या एकाही खटल्यात सिद्ध झालेला नाही.

चिनी सैन्यात अभियंता राहिलेल्या रेन झेंगफेई यांनी १९८७ मध्ये शेनझेन येथे हुआवेई स्थापन केली. संस्थापकाची ही पार्श्वभूमी पुढे कंपनीला कायमची चिकटली. पहिला मोठा खटला मात्र निव्वळ व्यापारी होता. राऊटरचा सोर्स कोड उचलल्याचा आरोप करत सिस्कोने २००३ मध्ये टेक्सासमध्ये दावा लावला; २००४ मध्ये तो तडजोडीने मिटला. त्याहून मासलेवाईक प्रकरण टी-मोबाईल या दूरसंचार कंपनीच्या ‘टॅपी’चे. फोनच्या पडद्यावर बोटासारखा ठोके देऊन त्याची चाचणी घेणारा हा यंत्रमानव सिअ‍ॅटलजवळच्या प्रयोगशाळेत होता. २०१३ मध्ये हुआवेईच्या एका अभियंत्याने त्याचा हाताचा भाग पिशवीत घालून बाहेर नेला, मोजमापे घेतली आणि दुसऱ्या दिवशी परत आणून दिला. २०१७ मध्ये ज्यूरीने करारभंगापोटी ४८ लाख डॉलरची भरपाई ठरवली. चोरी दुष्ट हेतूने केल्याचे मात्र मानले नाही. रक्कम किरकोळ, पण २०१९ मध्ये अमेरिकेने याच घटनेवरून फौजदारी आरोपपत्र दाखल केले.

झेडटीईची कथा वेगळी. इराण व उत्तर कोरियाला अमेरिकी घटक असलेली सामग्री विकल्याचे तिने २०१७ मध्ये कबूल केले आणि सुमारे १.१९ अब्ज डॉलरच्या दंडाला मान्यता दिली. कबुलीच्या अटी पाळल्या नाहीत म्हणून एप्रिल २०१८ मध्ये तिला अमेरिकी सुटे भाग घेण्यास सात वर्षांची मनाई झाली. चिपच मिळेनात म्हणून काही आठवड्यांत कंपनीचा मुख्य व्यवहार ठप्प झाला. आणखी एक अब्ज डॉलर दंड भरल्यावर आणि ४० कोटी डॉलर अनामत ठेवल्यावर जुलैमध्ये मनाई उठली. त्याआधी, २००७ मध्ये, फिलिपिन्सच्या राष्ट्रीय ब्रॉडबँड जाळ्याचे ३२.९ कोटी डॉलरचे कंत्राट लाचखोरीच्या आरोपांच्या गदारोळात तिच्या हातून गेले होते.

या साऱ्यांत सर्वाधिक गाजली ती मेंग वानझोऊ यांची अटक. रेन यांची कन्या आणि हुआवेईच्या वित्तप्रमुख असलेल्या मेंग यांना १ डिसेंबर २०१८ रोजी विमान बदलताना व्हँकुव्हरला ताब्यात घेण्यात आले. ‘स्कायकॉम’ या हुआवेईशी संबंधित कंपनीच्या इराणमधील व्यवहारांबाबत त्यांनी एचएसबीसी बँकेची दिशाभूल केली, असा अमेरिकेचा आरोप होता. नऊ दिवसांनी चीनने मायकेल कोव्हरिग व मायकेल स्पेव्हर या दोन कॅनेडियन नागरिकांना पकडले. मेंग पायात इलेक्ट्रॉनिक पट्टा बांधून व्हँकुव्हरमधल्या स्वतःच्या घरात राहिल्या; ते दोघे चिनी तुरुंगात. २४ सप्टेंबर २०२१ रोजी गुन्हा कबूल न करता, पण आपली विधाने असत्य होती हे मान्य करून मेंग सुटल्या. त्याच दिवशी दोघे मायकेलही चीनमधून निघाले. दोन्ही प्रकरणांचा संबंध नसल्याचे चीन म्हणत राहिला. तारखा पाहता त्यावर विश्वास ठेवणे कठीण.

सुरक्षेच्या वादाला धार आली ती अमेरिकी प्रतिनिधिगृहाच्या गुप्तवार्ता समितीच्या हुआवेई व झेडटीईवरील २०१२ मधील अहवालाने. नागरिक व संस्थांनी राष्ट्रीय गुप्तवार्ता-कार्यास साहाय्य करावे, असे सांगणाऱ्या चीनच्या २०१७ च्या कायद्याने टीकाकारांना आयतेच कारण दिले. मात्र खुद्द अमेरिकेच्या एनएसए या गुप्तचर संस्थेने हुआवेईच्या सर्व्हरमध्ये शिरकाव केल्याचे २०१४ मध्ये तिचा माजी कंत्राटी कर्मचारी एडवर्ड स्नोडेनने फोडलेल्या कागदपत्रांतून उघड झाले होते.

तांत्रिक तपासणी खरी झाली ती ब्रिटनमध्ये. बॅनबरी येथे २०१० पासून हुआवेईच्या खर्चाने, पण ब्रिटिश गुप्तवार्ता यंत्रणेच्या देखरेखीखाली एक केंद्र कंपनीचा कोड तपासत असे. २०१९ च्या अहवालात हेरगिरी नव्हे, गचाळपणा आढळला: एकाच उत्पादनात ओपनएसएसएल या सुरक्षा-प्रणालीच्या चार वेगवेगळ्या आवृत्त्यांच्या ७० पूर्ण प्रती निघाल्या. दोष हेतुपुरस्सर नसला तरी तो कोणालाही वापरता येतो, हा त्याचा अर्थ. तरीही जानेवारी २०२० मध्ये ब्रिटनने जाळ्याच्या कडेच्या भागात ३५ टक्क्यांपर्यंत हुआवेईला मुभा दिली. जुलैत निर्णय फिरला आणि २०२७ अखेरपर्यंत ५जी जाळ्यांतून तिची सर्व सामग्री काढण्याचे ठरले. दिलेले कारण असे की, हुआवेईवरील अमेरिकेच्या नव्या चिपबंदीमुळे तिच्या पुढच्या मालाची खात्री देता येणार नाही.

ऑस्ट्रेलियाने ऑगस्ट २०१८ मध्येच ५जीची दारे बंद केली होती. स्वीडनने २०२० मध्ये बंदी घातली. तेथील न्यायालयात हरल्यावर हुआवेईने २०२२ मध्ये स्वीडनविरुद्ध आंतरराष्ट्रीय लवादाकडे धाव घेतली. अमेरिकेने सरकारी मालकीच्या कंपन्यांनाही सोडले नाही: २०१९ मध्ये चायना मोबाईलचा अमेरिकेत सेवा देण्याचा अर्ज फेटाळला, २०२१ मध्ये चायना टेलिकॉमचा आणि २०२२ मध्ये चायना युनिकॉमचा परवाना रद्द केला. हुआवेई-झेडटीईची यंत्रे उपटून नवी बसवण्यासाठी तेथील लहान ग्रामीण कंपन्यांना आधी १.९ अब्ज डॉलर मंजूर झाले. ते अपुरे पडले म्हणून २०२४ मध्ये आणखी सुमारे तीन अब्जांची तरतूद करावी लागली.

भारताने बंदीचा शब्द टाळला. डिसेंबर २०१९ मध्ये सर्व पुरवठादारांना ५जी चाचण्यांत भाग घेऊ देण्याची घोषणा झाली होती. जून २०२० मध्ये गलवान खोऱ्यात भारत व चीनच्या सैन्यांत चकमक घडली आणि चित्र पालटले. १५ जून २०२१ पासून दूरसंचार कंपन्यांना नवी सामग्री सरकारने ठरवलेल्या ‘विश्वासार्ह स्रोता’कडूनच घेणे बंधनकारक झाले. कोणत्याही देशाचे नाव न घेता काम झाले. मे २०२१ मध्ये मंजूर झालेल्या ५जी चाचण्यांत हुआवेई व झेडटीई नव्हत्या. जिओला याची झळ लागली नाही, कारण तिचे ४जी जाळे आधीपासून सॅमसंगच्या यंत्रांवर उभे होते. एअरटेल व व्होडाफोन आयडियाच्या जाळ्यांतली जुनी चिनी यंत्रे काढण्याचा आदेश मात्र ‘विश्वासार्ह स्रोता’च्या निर्देशात नव्हता. त्यांची देखभाल चालू ठेवण्यासही मुभा राहिली.